खड्डे खणण्याआधी उन्हाळ्याचा हिशेब

पावसाळ्यात रोप कुणाच्याही हातून जगतं. आमच्या माण तालुक्यात वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस. इथं रोपाची खरी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. एका मोठ्या मोहिमेत गावच्या गायरानात सरसकट खड्डे खणले गेले. रोपं आली, फोटो निघाले. पाणी कोण घालणार, हे मात्र ठरलंच नाही. मार्च सरता सरता गावालाच पिण्याच्या पाण्याचा टँकर सुरू झाला. हंडा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला झाडाला पाणी घाल असं कोण म्हणणार? बहुतेक रोपं वाळली आणि पुढं श्रमदानाच्या हाकेला माणसं येईनात. रोपांपेक्षा मला त्याचंच जास्त दुःख आहे.

म्हणून आधी हिशेब मांडा. उन्हाळ्यात लहान रोपाला आठवड्याला दहा लिटर तरी पाणी धरा. पाचशे रोपांना पाच हजार लिटर, म्हणजे एक टँकर, दर आठवड्याला, वळीव पडेपर्यंत. एवढं पाणी आणि ते घालणारी माणसं नावानिशी ठरली नसतील, तर शंभरच लावा. पन्नास लावा. आळ्यात पाचटाचं जाड आच्छादन घाला. शेजारी तळाला छिद्र पाडून वात घातलेलं मडकं पुरलं, तर पाणी मुळाशीच झिरपतं आणि खेपा वाचतात.

शेळ्यामेंढ्यांचं नंतर बघू, असं कधीच म्हणू नका. गायरानावर मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या चारतात. त्यांना न विचारता तारा ओढल्या तर त्या तुटणारच, आणि दोष त्यांचा नाही. हिवरे बाजारनं चराईबंदी केली ती गावानं मिळून, गवत कापून न्यायची मुभा ठेवून. आमच्याकडे उशिरा का होईना, मेंढपाळांसोबत बैठक झाली. ओढ्याकाठचा खोल मातीचा तुकडा त्यांनीच सुचवला. वरच्या माळावर मुरमावर वीतभर माती. तिथं गवतच राहू द्यावं. ते रान उजाड नसतं. मेंढरं त्यावर जगतात, लांडगा आणि चंडोलही.

ओढ्याकाठी आता कडुनिंब, करंज, बोर, चिंच आहे. लावताना पिशवी पूर्ण काढा, तळाशी वेटोळी झालेली मुळं छाटा, भोवती बाभळीच्या काट्या रोवा. तीन उन्हाळे पाणी द्यावं लागतं. तिसऱ्या वर्षी दोन पाण्यांमधलं अंतर वाढवत न्यायचं, म्हणजे मुळं ओलाव्याच्या शोधात खाली उतरतात.