रोधक म्हणजे नाशक नव्हे

मी साहित्याची विद्यार्थिनी. तरी यंदा विज्ञानातला एक शब्द नीट शिकावा लागला: इन्हिबिटर, मराठीत रोधक. कारण घरचंच. माझ्या मामांना सीएमएल हा रक्ताचा कॅन्सर आहे. त्यावर रोज इमॅटिनिबची गोळी. गेल्या वर्षी रिपोर्ट चांगला आला आणि मामांनी कुणाला न सांगता गोळी बंद केली. "बरा झालो की, आता कशाला?" काही महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा बिघडला.

चूक कुठे झाली ते समजून घेऊ.

आपल्या पेशींमध्ये 'वाढ', 'थांब' असे निरोप प्रथिनं पोचवतात. त्यातला एक गट म्हणजे कायनेज. कायनेज एटीपी या रेणूकडून फॉस्फेट घेऊन दुसऱ्या प्रथिनाला लावतं. तो शिक्का बसला की निरोप पुढे सरकतो. एरवी हे गरजेपुरतंच चालतं. सीएमएलमध्ये मात्र ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये हे दाखवलं. त्या जोडातून बीसीआर-एबीएल नावाचं कायनेज तयार होतं आणि ते 'वाढ, वाढ' असाच निरोप देत सुटतं.

इमॅटिनिब काय करतं? बसमध्ये खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, अगदी तसं. एटीपीच्या जागेवर ते आधीच बसतं. एटीपीला जागा नाही, म्हणून शिक्का नाही, म्हणून निरोप नाही. २००१ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. भारतात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या सुधारित रूपाला पेटंट नाकारलं, त्यामुळे आपल्याकडे स्वस्त जेनेरिक गोळ्या मिळत राहिल्या.

पण रुमाल कायमचा नसतो. औषध शरीरातून उतरत जातं, बिघडलेलं जनुक मात्र उरलेल्या पेशींत तसंच असतं. म्हणून गोळी रोज. कधी कधी त्या सीटचाच आकार बदलतो आणि रुमाल बसेनासा होतो. मग डॉक्टर डॅसॅटिनिबसारखं दुसरं औषध देतात. काही रुग्णांची गोळी बऱ्याच वर्षांनी थांबवतातही, पण ती डॉक्टरांनी, वरचेवर तपासणी करत. आपल्या मनाने नव्हे.

हे सगळं मी एका रविवारी मिस्सानंतर घरी सांगितलं. मामा काही बोलले नाहीत. पण आता रात्री जेवण झालं की आजी त्यांना विचारते, "रुमाल टाकलास काय रे?"