पॉइंटचा भाव आणि कॉपरचा भाव

प्रश्न : मी परवानाधारक वायरमन आहे. एका बिल्डरच्या मुख्य कंत्राटदाराने 24 फ्लॅटच्या वायरिंगचा भाव मागितला आहे. पॉइंटप्रमाणे द्यावा की चौरस फुटाप्रमाणे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पॉइंटप्रमाणेच द्या. चौरस फुटाचा भाव सांगायला सोपा, पण मधेच फॉल्स सीलिंग आलं की वाढीव दिवे तुमच्या माथी बसतात. ‘पॉइंट’ म्हणजे काय, हे मात्र कोटेशनमध्येच लिहा : टू-वे स्विच वेगळा धरायचा का, एसीची लाइन आणि वीजमीटरपासून फ्लॅटपर्यंतची मेन लाइन लांबीच्या मीटरवर मोजायची का. भांडणं होतात ती इथेच. वायरचा आकारही नमूद करा, दिव्यांना 1.5, प्लगला 2.5, एसीला साधारण 4 चौरस मिलिमीटर.

शक्य असेल तर फक्त मजुरीचा भाव द्या. मालासकट द्यायचाच असेल, तर कॉपर महिन्याभरात कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून वायरचा ब्रँड आणि भावाची मुदत, समजा 15 दिवस, लिहून टाका. 18 टक्के जीएसटी वेगळा दाखवा.

पैसे टप्प्याटप्प्याने मागा : स्लॅबमधले पाइप, भिंती फोडून बॉक्स, वायर ओढणं, फिटिंग. शेवटचा टप्पा लहान ठेवा. फिटिंग रंगकामानंतर होतं आणि रंगकाम कायम रखडतं. भिंती फोडल्यावरचं प्लास्टर कोणाकडे, हेही विचारून घ्या.

कंत्राटदार वर्क ऑर्डर लेखी देत नसेल, तर हे काम सोडा.