पाईप वाकवायचे घरगुती यंत्र आणि सातवीचा परीघ



वर्तुळाचा परीघ शिकवताना आपण बांगडी घेतो, डबा घेतो, दोरा गुंडाळतो, 22/7 ने गुणतो. मुले गणित सोडवतातही. पण ‘हे कशाला लागतं?’ या प्रश्नाला माझ्याकडे बरीच वर्षे धड उत्तर नव्हते. ते मला मिळाले घराच्या मागच्या पडवीत, एक कमान चुकल्यावर.

झाले असे, की चेंडू घालवायच्या खेळासाठी सहा छोट्या कमानी हव्या होत्या. आतून 20 सेमी रुंद, खाली 20-20 सेमीचे दोन सरळ पाय. अर्धा इंची अ‍ॅल्युमिनियमची पाईप आणली. पहिली पाईप गुडघ्यावर धरून वाकवली आणि ती मध्येच पिचकली. तुम्हीही कधी ना कधी हे केले असेल!

पाईप का पिचकते ते मुलांना शीतपेयाच्या नळीवर दाखवता येते. नळी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. पोकळ नळीला आतून आधार नसतो, म्हणून गोल तोंड आधी चपटे होते आणि मग एकदम मोडते. चपटे होताना नळी दोन्ही कुशींना फुगते. त्या कुशी फुगू दिल्या नाहीत आणि वाक एका जागी न येता लांबवर पसरला, तर पाईप पिचकत नाही. पाईप वाकवायच्या यंत्राचे सगळे काम एवढेच. फ्रीज दुरुस्तीवाल्याकडे तांब्याची नळी वाकवायचे दोन दांड्यांचे हत्यार असते. त्यातल्या खाचेकडे नीट बघा, हेच दिसेल.

आता माझे यंत्र. प्लायवूडच्या तीन गोल चकत्या कापल्या, तिन्ही 12 मिमी जाडीच्या. मधली 20 सेमी व्यासाची, वरची आणि खालची 22 सेमीची. एकावर एक ठेवल्या की कडेला आपोआप खाच तयार होते. इथे एक गंमत आहे. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिमी आणि प्लाय 12 मिमी, म्हणजे पाईप खाचेत बसणारच नाही. म्हणून मधल्या चकतीवर जुन्या वह्यांचे पुठ्ठे त्याच मापाचे कापून चिकटवले. पाईप जेमतेम सरकेल इतकीच फट हवी. सैल ठेवलीत तर कुशी फुगल्याच म्हणून समजा. इंच आणि मिलिमीटरची गणिते मुलांना नकोशी वाटतात, त्यांना हा पुठ्ठा दाखवा.

चकत्या फेव्हिकॉल आणि स्क्रूने जोडून जाड फळीवर पक्क्या बसवल्या. मधोमध जाड बोल्ट घातला आणि त्यावर दोन फुटी लोखंडी पट्टी, घड्याळाच्या काट्यासारखी फिरणारी. पाईपचे एक टोक धरायला फळीवर लाकडाचा अडसर ठोकला. पट्टीखाली पाईप दाबायला आधी पंख्याची जुनी बेअरिंग लावली होती, पण तिने मऊ अ‍ॅल्युमिनियमवर वळ उठवले. मग तिच्या जागी लाकडाचा ठोकळा लावला, त्याला खाच पाडली आणि मेणबत्तीचे मेण चोळले. पट्टी हळूहळू ओढली की ठोकळा पाईपला चकतीवर लपेटत नेतो. झटका द्यायचा नाही.

ठोकळ्यानेही पाईप पिचकत असेल तर तिच्यात कोरडी वाळू ठासून भरा आणि दोन्ही तोंडे बुचाने बंद करा. वाळू भरलेली पाईप मात्र कधीही तापवू नका. वाळूत ओल असेल तर वाफ कोंडून बूच गोळीसारखे उडते.

कमानीला पाईप किती कापायची? मी हिशेब केला : चकतीची त्रिज्या 10 सेमी, म्हणजे अर्धा परीघ 31.4 सेमी. दोन पायांचे 40. एकूण 71.4 सेमी. कापली, एका टोकाकडून 20 सेमीवर खूण केली, वाकवली. एक पाय 20 सेमीचा झाला आणि दुसरा जेमतेम 18 चा. कमान लंगडी! मला वाटले, खूण चुकली. दुसरी केली, तीही तशीच.

दोन्ही कमानी वर्गात नेल्या आणि फळ्यावर हिशेब मांडला. मुलांनी गुणाकार तपासला, तो बरोबर होता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, तुम्ही आतली रेघ मोजलीत. पाईपला जाडी आहे की!”

खरे सांगते, क्षणभर मला उत्तर सुचले नाही. पाईपची आतली कड 10 सेमी त्रिज्येवर, तर बाहेरची 11.27 सेमीवर. दोन्हींच्या अर्ध्या परिघांत जवळपास 4 सेमीचा फरक! मग खरी लांबी कोणती? बाहेरची बाजू ताणली गेली, आतली आखडली. जवळजवळ मधोमध एक रेघ अशी असते की ती ना ताणली जाते ना आखडते. तिची त्रिज्या 10.635 सेमी आणि अर्धा परीघ 33.4. माझ्या 31.4 पेक्षा बरोबर 2 सेमी जास्त, म्हणजे लंगड्या पायात कमी पडलेले तेच 2 सेमी.

हे मुलांना पटवायला सरळ पाईपवर दोन समोरासमोरच्या बाजूंना 10-10 सेमीच्या खुणा करा आणि एक बाजू बाहेर राहील अशी वाकवा. नंतर दोऱ्याने मोजा. बाहेरचे 10 सेमी साधारण 10.6 झालेले असतात आणि आतले 9.4 च्या आसपास. मोजायचे काम मुलांनाच द्या. पट्टी ओढायचे मात्र मोठ्यांनी करावे आणि कापलेली टोके आधी कानसने घासून घ्यावीत, ती बोटे कापतात.

अजून एक. पट्टी सोडली की पाईप थोडी उलगडते आणि पाय फाकतात. किती फाकतात ते पाईपच्या धातूवर आणि जाडीवर ठरते, म्हणून एक तुकडा वाया घालवून बघायचा आणि पुढच्या वेळी तेवढे जास्त वाकवायचे.

पाऊण इंची पाईपसाठी मधली चकती 18 मिमी प्लायची घेऊन 1 मिमी पुठ्ठा लावा आणि व्यास 30 सेमीच्या खाली नेऊ नका. लोखंडी पाईपला मात्र ही चकती पुरत नाही, लाकूडच दबते. त्यासाठी फॅब्रिकेशनवाल्याकडे जावे, जमल्यास मुलांना घेऊन.