टेबल गप्प राहून चुकतं

जुन्या तुर्की नोंदींमध्ये शोध घेणारी एक प्रणाली आमच्याकडे देखभालीला होती. मजकूर आयएसओ ८८५९-९ मधला, शोधाचं काम पीसीआरई२ या रेग्युलर एक्स्प्रेशन लायब्ररीकडे. नव्या सर्व्हरवर हलवल्यावर शेपटीचा एस आला की शब्द तिथेच तुटू लागला. ना एरर, ना लॉगमध्ये ओळ.

पीसीआरई२चं मेकटेबल्स हे फंक्शन ० ते २५५ या प्रत्येक बाइटबद्दल सी लायब्ररीला विचारतं: हे अक्षर आहे का, याचं लहान रूप कोणतं? उत्तरांचं १०८८ बाइटांचं टेबल बनतं. विचारणा होते ती त्या क्षणी चालू असलेल्या लोकेलला. नव्या सर्व्हरवर तुर्की लोकेल बसवलेलंच नव्हतं. सेटलोकेलने नल परत दिला, प्रोग्रॅमने तो पाहिला नाही आणि सी लोकेलचं टेबल तयार झालं. त्यात १२७ च्या पुढचा एकही बाइट अक्षर नसतो.

म्हणून आधी सेटलोकेलचं उत्तर तपासा, मग टेबलही. पण २५४ चं मोठं रूप २२२ आलं, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. ती जोडी आइसलँडिक अक्षरांमुळे ८८५९-१ मध्येही जुळते. ७३, म्हणजे मोठा आय, विचारा. तुर्कीत त्याचं लहान रूप २५३ यायला हवं, म्हणजे बिनठिपक्याचा आय. १०५ आलं तर टेबल तुर्की नाही.

याच गुणामुळे तुर्की टेबल सरसकट लावू नये. केस न पाहता शोधलं तरी त्यात मोठ्या रोमन अक्षरांतलं ‘फाइल’ लहान अक्षरांतल्या ‘फाइल’शी जुळत नाही. कॉन्फिगरेशन वाचणारे पॅटर्न मूळ टेबलावरच राहू द्या.

सेटलोकेल साऱ्या प्रोसेसचं लोकेल बदलतं, तेव्हा टेबल थ्रेड सुरू होण्याआधी बनवा आणि पॅटर्न वापरात असेपर्यंत त्याची मेमरी सोडू नका. माझी पसंती मात्र पीसीआरई२च्याच डीएफटेबल्स या प्रोग्रॅमला: खात्रीच्या मशीनवर एल पर्याय देऊन फाइल बनवायची आणि सोर्समध्ये ठेवायची. मग सर्व्हरवर कोणतं लोकेल आहे याची फिकीर उरत नाही.

मराठीसाठी या वाटेला जाऊच नका. यूटीएफ-८ मध्ये ‘ळ’ तीन बाइटांचा. २५६ घरांत तो मावत नाही. तिथे यूटीएफ आणि यूसीपी हे पर्याय चालू करावे लागतात. तेवढ्यानेही भागत नाही. १०.४३ आवृत्तीपासून बॅकस्लॅश डब्ल्यू उकार, अनुस्वार आणि हलन्त धरतो. काना, वेलांटी आणि विसर्ग युनिकोडमध्ये वेगळ्या गटात असल्याने बाहेरच राहतात. ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे तुकडे पडतात. अक्षरं, सर्व चिन्हं आणि अंक यांचा वर्ग स्वतः लिहा, त्यात झिरो विड्थ जॉइनरही घ्या. ‘दऱ्या’ कुणी ‘ऱ’ने टाइप करतं, कुणी ‘र’ आणि जॉइनरने. चाचणीत ‘मराठी’, ‘दुःख’ आणि दोन्ही प्रकारे लिहिलेलं ‘दऱ्या’ हवंच.