परवाना-उत्पन्नाची वाटणी आणि मित्रकीटक

सार्वजनिक निधीतून झालेल्या संशोधनाच्या निव्वळ स्वामित्वशुल्कातील किमान ३० टक्के वाटा संशोधकास द्यावा, अशी तरतूद २००८ च्या विधेयकात होती. ते पुढे मागे घेण्यात आले. कीटकशास्त्रज्ञाची अडचण मात्र वाटणीच्या आधीच सुरू होते. हेब्बाळ (बेंगळूरू; पूर्वीचे म्हैसूर राज्य, आता कर्नाटक) येथील राष्ट्रीय कीटक ब्यूरोने २०१० मध्ये परदेशातून आणलेल्या ‘अ‍ॅसेरोफॅगस पपाये’ या परोपजीवी कीटकाने तमिळनाडूपासून महाराष्ट्रापर्यंत पपईवरील पिठ्या ढेकूण आटोक्यात आणला. परंतु सूक्ष्मजीव वगळता कोणत्याही प्राण्यास पेटंट कायद्यानुसार पेटंट मिळत नाही. शिवाय बागेत स्थिरावलेला मित्रकीटक शेतकऱ्यास पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. त्याचे यशच उत्पन्नाच्या मुळावर येते! म्हणून जैविक कीडनाशकांच्या परवान्यांतून येणाऱ्या रकमेचा काही अंश अशा प्रयोगशाळांसाठी राखून ठेवणे न्याय्य ठरेल.