नंबर लागेपर्यंत

चि. सौ. धाकटीस,



परवा फोनवर तू रडलीस, मग दादाने फोन घेतला आणि मला म्हणाला, "आता तूच सांग तिला, पुरे झालं म्हणून. तुझं ऐकेल." मी तसं सांगणार नाही. पण "होईल गं सगळं" असंही म्हणणार नाही, कारण तेवढ्याने सिव्हिलच्या नर्सिंग स्कूलचं दार उघडत नाही. फोनवर तू निम्मं माझं ऐकतेस आणि निम्मं लक्ष सासूबाईंच्या पावलांकडे असतं, म्हणून हे पत्र. दुपारी निजानीज झाली की वाच.

दोन वर्षं नंबर लागला नाही, हे तू असं सांगतेस जणू कुणी तुला तपासून बाजूला काढलं. तसं झालेलंच नाही. गेल्या वर्षी जात वैधता वेळेत आली नाही. यंदा गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवणारा कागद पडताळणीच्या दिवशी जवळ नव्हता. यादीत तू दोन्ही वेळा होतीस. हे मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाहीये. कागद अडला तर त्याचा उपाय तहसीलमध्ये असतो, आणि तू मात्र तो स्वतःत शोधत बसली आहेस. तुझं डोकं चालत नाही, तुझं वय झालं, तुझ्या नशिबात नाही, हे सगळं तूच ठरवलंस. तुला कुणी नापास केलेलं नाही, बाई.

वयाचं बघू. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात जीएनएमच्या कोर्सला प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण हवीत आणि वरची मर्यादा ३५ आहे. तू एकतीस वर्षांची. म्हणजे वेळ आहे, पण आणखी एक फेरी कागदापायी घालवण्याइतका नाही. आणि एक गोष्ट तुला कुणी सांगितलेली दिसत नाही: एएनएम करून जिची रीतसर नोंद झाली आहे, तिला पुढे जीएनएमसाठी ही वयाची वरची अटच लागू नाही. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं. तेव्हा पुढच्या वर्षी दोन्हीकडे अर्ज कर. एएनएमला नंबर लागला तर नाक मुरडू नकोस. उपकेंद्रात एकटीने बाळंतपण निभावणारी एएनएम मी पाहिलेली आहे. मोठ्या दवाखान्यातल्या कित्येकींना ते जमणार नाही.

बारावी पुन्हा सायन्समधून द्यायचा विचार सोडून दे. बी.एस्सी. नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं हे खरं, पण जीएनएमला कौन्सिल कुठल्याही शाखेची बारावी चालवून घेते, इंग्रजी विषय आणि ४० टक्के असले म्हणजे झालं. सायन्सला प्राधान्य असेल, पण आर्ट्सला मज्जाव नाही. डिग्री हवीच असेल तर जीएनएम आणि नोंदणीनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे. त्यासाठी आत्ता रसायनशास्त्राशी झटापट करायची गरज नाही. मात्र प्रवेशाची पद्धत आणि वेळापत्रक वर्षागणिक बदलत आलं आहे, म्हणून शेजारच्या मुलीचा गेल्या वर्षीचा अनुभव ऐकून निर्धास्त राहू नकोस. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. ती कंटाळवाणी असते. औषधांचा चार्टही कंटाळवाणाच असतो, आणि तो न वाचणारी नर्स मला वॉर्डात नको असते.

आता कागद. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण लग्न झालेल्या बाईचे कागद हा आपल्याकडे स्वतंत्र विषय आहे. शाळा माहेरच्या नावाने, बँक सासरच्या नावाने, जातीचा दाखला वडिलांकडचा, रेशनकार्ड नवऱ्याकडचं. अठरा वर्षांच्या मुलीला हा त्रास नसतो. तिची सगळी कागदपत्रं एकाच घरातल्या एकाच पिशवीत असतात, आणि वैधतेचा अर्ज तिच्या कॉलेजनेच भरून घेतलेला असतो. तू तेरा वर्षांपूर्वी कॉलेज सोडलंस. शिक्षणासाठीच्या वैधतेच्या अर्जाला समिती संस्थेचं पत्र मागते आणि तू कुठल्याच संस्थेत नाहीस. हा पेच तुझ्या एकटीचा नाही. जिल्ह्याच्या पडताळणी समितीच्या कार्यालयात स्वतः जा, प्रवेशाच्या अर्जाच्या छापील प्रती दाखव आणि काय चालेल ते विचार. सेतूतल्या मुलाने "होत नाही" म्हटलं की परत येऊ नकोस. तो मुलगा समिती नव्हे.

आपण ओबीसी, म्हणजे १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागणार. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा हा त्यातला सगळ्यात भक्कम. दादाच्या किंवा काकाच्या नावाची वैधता निघालेली असेल तर अर्धं काम झालं, तेव्हा चुलतभावांना फोन करायला लाजू नकोस. नॉन-क्रिमीलेयरसाठी नवऱ्याचा पगार बघत नाहीत, आईवडिलांची परिस्थिती बघतात. जावईबापू उगाच स्वतःच्या पगाराचा दाखला काढत फिरत होते, त्यांना थांबव. त्या दाखल्यावरची मुदत मात्र नीट वाच. ज्या वर्षी प्रवेश, त्याच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत तो चालू असायला हवा. अर्जात नाव बारावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच, एकही अक्षर इकडचं तिकडे न करता. जोडीला विवाह नोंदणीचा दाखला, आणि नाव बदललंच आहे तर राजपत्रातली नोंदही करून घे. तिला वेळ लागतो, म्हणून आजच. शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र करावं लागेल. त्यात "घरगुती कारणामुळे" एवढं पुरतं; तेरा वर्षांची कहाणी कुणी मागितलेली नाही.

त्या "सहा महिन्यांत नर्स व्हा"वाल्या क्लासबद्दल तू चाचरत विचारलंस. तालुक्याच्या स्टँडसमोर त्याचा बोर्ड मीही वाचलाय. धाकटे, तिथे एकच प्रश्न विचार: हा कोर्स झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये माझी नोंद होईल का? समोरचा माणूस मग "शंभर टक्के नोकरी" म्हणेल, "गव्हर्नमेंट सर्टिफिकेट" म्हणेल, चहा मागवेल. नोंद होईल असं लेखी देणार नाही, कारण होत नाही. आपल्या राज्यात १९६६ च्या कायद्याने नर्सची नोंदवही चालते. त्या वहीत नाव नसेल तर पांढरा ड्रेस घालूनही तू अटेंडंटच राहणार, पगार अटेंडंटचा आणि चूक झाली तर जबाबदारी मात्र तुझ्यावर ढकलली जाणार. अटेंडंटचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाहीये. जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स सरळ त्या नावाने शिकवतात तिथे तो प्रामाणिक आहे. नर्सिंग म्हणून विकतात, तिथे ती फसवणूक आहे. पोस्टाने किंवा घरबसल्या जीएनएम करून देतो म्हणणाराही त्याच माळेचा मणी.

आणि बाहेरच्या राज्यातली सीट मिळवून देणारा तुझ्या नणंदेच्या ओळखीचा एजंट. परराज्यात शिकण्यात वावगं काही नाही, आपल्याकडच्या पुष्कळ मुली जातात. पण त्या कॉलेजला त्या वर्षाची मान्यता आहे का आणि किती जागांची आहे, हे कौन्सिलच्या यादीत आपण स्वतः बघायचं. रोख पैसे द्यायचे नाहीत. आणि मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला एजंटच्या हातात तर मुळीच नाही. एकदा ते कागद अडकले की तू पुढच्या वर्षीच्या फेरीलाही मुकशील. घाईत असलेल्या माणसाला हे लोक बरोबर ओळखतात. तुझा आवाज फोनवर ऐकून मीही ओळखलं असतं.

नर्सिंग स्कूलमध्ये नाइटिंगेलबाईंचा फोटो असतोच, हातात दिवा घेतलेला. १२ मेला त्याला हार घालतात. दिव्याआधीच्या वर्षांबद्दल कुणी भाषण करत नाही. १८४५ साली, पंचविशीत, त्यांनी सॉल्झबरीच्या इस्पितळात जाऊन शिकायची परवानगी घरी मागितली, ती मिळाली नाही. जर्मनीत कायझर्सवर्थला तीन महिने शिकायला मिळालं ते १८५१ मध्ये, म्हणजे तुझ्याच वयाला. मधल्या वर्षांत त्या पहाटे उठून इस्पितळांचे आणि सार्वजनिक आरोग्याचे अहवाल वाचायच्या, घरच्यांच्या नकळत. हे सांगून मी तुला लाजवत नाहीये. त्यांच्या घरी स्वयंपाकी होते, तुझ्या घरी तूच आहेस. मला त्यातलं एवढंच आवडतं, की आशेवर बसून न राहता त्यांनी आकडे वाचले. आपल्याकडे रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने, ते १९०९ चं, प्रौढ बायकांना, विधवांना शिकवून ससूनमध्ये नर्सिंगसाठी पाठवलं. अठरा वर्षांच्या मुलींसाठीच हा धंदा, हे तुझ्या मनात कुणी भरवलं कोण जाणे.

तू अहवाल वाचू नकोस. इंग्रजी वाच, कारण पुस्तकं इंग्रजीत आणि पेपरही. रोज शरीराच्या एका अवयवाबद्दल पानभर वाचलंस तरी पहिल्या वर्षाच्या अ‍ॅनाटॉमीची धडकी कमी होईल. आणि गणित, तुझ्या आवडीचं. पाचशे मिलिलिटर सलाइन आठ तासांत जायचं आहे, सेट मिलिलिटरला २० थेंबांचा आहे, तर मिनिटाला किती थेंब? पाचशे गुणिले वीस, भागिले चारशे ऐंशी, साधारण २१. अशी उदाहरणं स्वतः आकडे बदलून करत जा. वॉर्डात घड्याळाकडे बघत थेंब मोजताना हात थरथरत नाही तो अशा सवयीनेच.

ब्युरोमार्फत पेशंट सांभाळायचं काम मिळतंय तर घे. प्रवेशाला त्याचा काडीचाही उपयोग नाही, हे आधीच माहीत असू दे. चार पैसे येतील आणि तुझी तुलाच परीक्षा होईल. पॅरालिसिसनंतर सासऱ्यांना दर दोन तासांनी कूस बदलून देत होतीस आणि त्यांना बेडसोर झाला नाही, हे मी विसरलेली नाही. पण तिथे कुणी म्हणालं, "ताई, एवढं इंजेक्शन देऊन टाका," तर द्यायचं नाही. येत असलं तरी नाही.

खरं काम या वर्षात वेगळंच आहे, आणि ते तू टाळते आहेस. बऱ्याच सरकारी स्कूलमध्ये होस्टेलला राहावं लागतं, नाइट ड्यूटी असते, आणि शेवटचे सहा महिने तर इंटर्नशिपच. छकुलीला कोण बघणार? यंदा नंबर लागला असता तर याचं उत्तर तुझ्याकडे होतं का? मला वाटतं, नव्हतं. अ‍ॅडमिशन घेऊन दोन महिन्यांत घरच्या कारणाने सोडून गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या हुशार बायकांची संख्या कमी नव्हती. सासूबाईंना "माझा कोर्स" म्हणून सांगू नकोस. छकुलीला शाळेत कोण सोडणार, तिला ताप आला तर कुणी रजा काढायची, घरात कमी पडणारे पैसे कुठून यायचे, असं एकेक विचार. जावईबापूंना समोर बसवून विचार. बोलणं कडू होईल, होऊ दे. हे आत्ता बोललीस तर भांडण; होस्टेलवरून फोनवर बोललीस तर अ‍ॅडमिशन जाईल.

"अजून नंबर नाही का लागला?" असं लग्नाकार्यात विचारणाऱ्यांना "पुढच्या फेरीला आहे" एवढं सांगून पुढे जात जा. त्यांना जेवणाच्या पंक्तीची घाई असते, उत्तराची नसते.

दिवाळीत मी गावी येते आहे. शाळेच्या रजिस्टरच्या उताऱ्यासाठी दादाबरोबर मी जाईन, तो एकटा गेला तर मुख्याध्यापकांशी राजकारणावर बोलून परत येईल. तू त्याआधी विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेव, आणि सगळ्या कागदांचे फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. स्पष्ट काढ, मागच्या वेळी निम्म्या फोटोत तुझा अंगठाच होता.

छकुलीला गोड पापा. सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
आत्या