गचांडी कोणत्या हाताने धरली?

‘…फिर्यादीची गचांडी धरून, धक्काबुक्की करून सरकारी कामात अडथळा आणला.’ एफआयआरची प्रत हातात पडल्यावर हे वाक्य मी कोर्टाच्या जिन्यात उभ्याउभ्या पुन्हा पुन्हा वाचलं. नाकाबंदीत माझ्या एका हातात मोबाइल होता, त्यावर डिजिलॉकर उघडलेलं. दुसऱ्या हातात लायसन्स. मग गचांडी कोणत्या हाताने धरली? आजवर कुणी सांगितलेलं नाही.

हवालदाराने गाडीची किल्ली काढून घेतली, मी कलम विचारलं, एवढंच. ‘मला कायदा शिकवतो का?’ माझा आवाज चढला, त्याचा आधीच चढलेला होता. पण नुसत्या आवाजावर सरकारी कामात अडथळ्याचं, भारतीय दंड संहितेचं कलम ३५३ लागत नाही. त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. म्हणून ती गचांडी! हे कळलं तेव्हा डोक्यात तिडीक गेली. महाराष्ट्राने या कलमाची शिक्षा वाढवून ५ वर्षांपर्यंत नेली होती. अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्याचं कलम १३२ झालं आणि शिक्षा २ वर्षांपर्यंत आली. माझी केस त्याआधीची.

तेव्हा रस्त्यावर कलमं काढू नका. चलन घ्या, नंतर भांडा. हे सगळेच सांगतात.

जे कुणी सांगत नाही ते असं. समोरच्या पानवाल्याचा कॅमेरा सगळं टिपत होता. माझा जामीन होईपर्यंत त्याच्या डीव्हीआरवरचं चित्रण पुसलं गेलं होतं. घरच्यांना पहिला फोन कराल तेव्हाच सांगा, कुणीतरी जाऊन ते पेनड्राइव्हवर घ्या. पोलीस ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण जपण्यासाठीही लगेच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ठाण्यात कॅमेरे हवेत, चित्रण साठवून ठेवायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्येच बजावलं आहे.

७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको, आधी नोटीस द्या, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून ठरलेलं आहे. ठाणे अंमलदाराला मी तेच म्हटलं. ‘साहेब आले की बघू.’ साहेब सकाळी उगवले! तोवर बाकड्यावर बसून मच्छर मारले. नोटीस मिळाली तर मात्र हजर राहाच. टाळाटाळ केलीत की अटकेला निमित्त मिळतं. अटक झालीच तर कारणं लेखी मागा. तपासात घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, कायद्यातच तशी मनाई आहे. पंचनाम्यावर सही मागतील, ती वाचून करा. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. आणि ओळखीचा नगरसेवक वगैरे मध्ये घालू नका. आमच्या ओळखीच्याने साहेबांबरोबर चहा घेतला आणि निघून गेला.

सगळ्यात जास्त छळलं ते पासपोर्टने. खटला चालू असेल तर कोर्टाची परवानगी लागते, आणि आदेशात मुदत लिहिली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. म्हणून वकिलाला अर्जातच वर्षं मागायला सांगा. माझ्या अर्जावर सरकारी वकिलांनी हरकत घेतली, आरोपी फरार होईल म्हणून. मी प्रत्येक तारखेला हजर असतो. हवालदाराची बदली झाली आहे आणि साक्षीचं समन्स त्याला अजून ‘मिळालेलं’ नाही.